स्पॅमअसॅसिन: ॲप्टनं बसवावं की हातानं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा मेल सर्व्हर माझ्याकडं आहे. २०२३च्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी साडेआठला मालकांचा फोन आला. "ओ, मला एका रात्रीत नऊ लॉटऱ्या लागल्यात. दोन बँकांनी खातं बंद केलंय, त्यातल्या एका बँकेत माझं खातंच नाही. माग चालू हायत, लाइट हाय, मग तुमचा तो फिल्टरच तेवढा का बंद?"

फिल्टर खरंच बंद होता आणि तो मीच पाडला होता. सहा महिने आधी.

त्याचं असं झालं. हा फिल्टर म्हणजे स्पॅमअसॅसिन, स्पॅम मेल ओळखणारा प्रोग्रॅम. त्याची ४.०.० आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये आली. सर्व्हरवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) होतं, त्याच्या पॅकेजात ३.४.६. नवीन आलंय म्हटल्यावर मला दम निघेना. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत, कारखान्यात वॉचमनशिवाय कुणी नसताना, मी ॲप्टचं (डेबियनची तयार पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) पॅकेज काढून टाकलं आणि सीपॅनवरून (पर्ल भाषेतल्या मॉड्यूल्सचं भांडार, स्पॅमअसॅसिन पर्लमध्येच लिहिलाय) थेट ४.०.० बसवलं. स्पॅमडी म्हणजे मागं सतत चालू राहून मेल तपासणारा भाग. त्याच्यासाठी सिस्टिमडीची (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस फाइलसुद्धा स्वतःच लिहिली. झकास चाललं. जुलैतल्या एका रविवारी मशीन डेबियन १२वर नेली आणि पर्ल ५.३२चं ५.३६ झालं. हातानं बसवलेली सगळी मॉड्यूल्स '/यूएसआर/लोकल/शेअर/पर्ल/५.३२.१' या फोल्डरात पडून राहिली. नवीन पर्ल तिकडं ढुंकूनही बघत नाही, ते ५.३६च्या फोल्डरात शोधतं. स्पॅमडी सुरू होतानाच 'मेल-स्पॅमअसॅसिन-डॉट-पीएम सापडत नाही' म्हणून आडवा झाला.

आणि गोम पुढंच आहे. स्पॅमसी म्हणजे मेल उचलून स्पॅमडीच्या दारात नेणारा हमाल. पलीकडं दार उघडायला कुणी नसेल तर तो मेल अडवून ठेवत नाही, न तपासता तसाच पुढं सोडतो. मेल हरवण्यापेक्षा हे बरंच, पण त्यामुळं रविवारी मला काही कळलंच नाही. मेल येत होते, जात होते. गाळणी तेवढी नव्हती.

त्या दिवसापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: पॅकेजनं बसवा. हातानं बसवायची वेळ कधी येते आणि ती कशी निभवायची, तेही खाली येईल. पण आधी पॅकेज.

एक सूचना. कमांड मी फोनवर सांगतो तशा, बोलीत लिहिल्यात. कारखान्यातला अकाउंटचा पोरगा स्क्रीनसमोर आणि मी सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये, अशा अवस्थेत निम्मी कामं होतात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोटी अक्षरं. 'डॅश' म्हणजे आडवी रेघ.

आधी मशीनवर काय आहे ते बघा

नवीन काही टाकायच्या आधी 'विच डॅश-ए स्पॅमअसॅसिन' द्या. एकच ओळ आली, '/यूएसआर/बिन/स्पॅमअसॅसिन', तर पॅकेजचं आहे (सोबत '/बिन/स्पॅमअसॅसिन' आली तरी चालेल, ती त्याच फाइलीची दुसरी वाट). '/यूएसआर/लोकल/बिन' वाली ओळ आली तर तुमच्या आधी कुणीतरी हात मारून गेलंय. दोन्ही आल्या तर चहा मागवा, काम वाढलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. काहीच आलं नाही तर पाटी कोरी आहे.

मग 'ॲप्ट पॉलिसी स्पॅमअसॅसिन'. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ला ४.०ची आवृत्ती मिळेल, उबुंटू २२.०४ला ३.४.६. आकडा जुना दिसला की लोकांचा जीव वरखाली होतो, माझाही झाला होता. पण डेबियनवाले सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच आणून टाकतात, वरचा आकडा तोच ठेवून. चादरीला ठिगळ लावलं म्हणून कुणी तिच्यावरचं लेबल बदलत नाही, तसं. शिवाय स्पॅम पकडतात ते नियम, आणि ते प्रोग्रॅमपासून वेगळे रोज उतरवता येतात.

पॅकेज बसवणं

डेबियन १२वर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्पॅमअसॅसिन स्पॅमसी स्पॅमडी'. तिन्ही नावं द्या. आधी स्पॅमडी हा स्पॅमअसॅसिनच्याच पॅकेजात यायचा आणि सर्व्हिसचं नाव 'स्पॅमअसॅसिन' असायचं. १२पासून स्पॅमडी वेगळं पॅकेज झालं आणि सर्व्हिसही 'स्पॅमडी' या नावानं आली. जुनी टिपणं बघून 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट स्पॅमअसॅसिन' देत बसाल आणि अशी सर्व्हिसच नाही म्हणून उत्तर येईल. पोस्टफिक्सला (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) जोडायला मी 'स्पॅमास-मिल्टर' वापरतो, तेही ॲप्टमधूनच.

बसलं की 'स्पॅमअसॅसिन डॅश डॅश लिंट'. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक. गप्प बसणं हेच इथं होकार आहे, हे त्या पोराला पटवायला मला दोन फोन लागले.

आता नियम. पॅकेजसोबत एक संच येतोच, पण तो पॅकेज बांधलं त्या दिवशीचा. ताजे आणायला 'सुडो डॅश-यू डेबियन-स्पॅमडी एसए-अपडेट'. मधला 'डॅश-यू डेबियन-स्पॅमडी' गाळू नका. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन चालवलं की '/व्हार/लिब/स्पॅमअसॅसिन' मधल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात. मग रोजचं आपोआप अपडेट डेबियन-स्पॅमडीच्या नावानं चालतं तेव्हा त्याला त्या फायलींना हात लावता येत नाही. मुकाट्यानं फसतं. लगेच 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' देऊन उत्तराचा आकडा बघा. ० म्हणजे नवे नियम आले. १ म्हणजे नवं काही नव्हतं. ही चूक नाही, पण लोक हमखास घाबरतात. २ किंवा त्याच्या वर असेल तरच काळजी करा. नवे नियम आले तर स्पॅमडी रीस्टार्ट.

डेबियनमध्ये हे रोजचं अपडेट मुद्दाम चालू करावं लागतं. १२वर 'सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल डॅश डॅश नाऊ स्पॅमअसॅसिन-मेंटेनन्स-डॉट-टायमर'. त्याआधीच्या डेबियनवर '/ईटीसी/डिफॉल्ट/स्पॅमअसॅसिन' मध्ये क्रॉनसमोरचं (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा) ० काढून १ करायचं. ही एक ओळ राहिली तर बाकी सगळं करून पालथ्या घड्यावर पाणी.

रोजच्या नियमांचं एवढं काय, असं मलाही वाटायचं. मग २०१०चं नववर्ष आठवतं. एका नियमात २०१० ते २०९९मधलं कुठलंही साल 'फारच पुढचं' धरलेलं होतं. १ जानेवारी २०१०ला ती तारीख खरीच उजाडली आणि साध्यासुध्या मेललाही त्या एका नियमापायी दोनापासून साडेतीनपर्यंत गुण पडायला लागले. ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो, म्हणजे बराचसा रस्ता चुकीच्या तारखेनंच कापलेला. दुरुस्ती त्याच दिवशी एसए-अपडेटमधून आली. ज्यांचं रोजचं अपडेट चालू होतं ते वाचले.

चालतंय का ते तपासा

पॅकेजच्या कागदपत्रांसोबत 'सॅम्पल-स्पॅम' नावाची फाइल येते. तिच्यात जीट्यूब नावाची ठरावीक अक्षरांची ओळ आहे. ती दिसली की स्पॅमअसॅसिन १००० गुण टाकतो, दुसरं काही न बघता. ती फाइल 'स्पॅमअसॅसिन डॅश-टी' ला खायला घाला. पण हे झालं प्रोग्रॅमचं. मग एखादा साधा मेल बाहेरच्या खात्यावरून कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा आणि आलेल्या मेलच्या हेडरमध्ये 'एक्स-स्पॅम-स्टेटस' ही ओळ शोधा. ओळच नसेल तर मेल स्पॅमडीपर्यंत पोचत नाहीये, जोडणीत घोळ आहे. त्या सोमवारी मी हेच आधी बघायला हवं होतं. त्याऐवजी तासभर नियम चाळत बसलो.

डीएनएसचा काटा

इथं पॅकेजवाला आणि हातानं बसवणारा दोघंही अडकतात. स्पॅमअसॅसिन मेल आला की स्पॅमहाउस, यूआरआयबीएल अशा काळ्या याद्यांना डीएनएसमधून (इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) विचारतो: हा पत्ता बदनाम आहे का? या याद्या छोट्या वापराला फुकट आहेत. पण ८.८.८.८सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर लाखो लोकांची विचारणा एकाच दारातून आल्यासारखी दिसते आणि ते उत्तर नाकारतात. हेडरमध्ये 'यूआरआयबीएल-ब्लॉक्ड' दिसलं की समजा हेच झालंय. बदनाम पत्ता आहे असा त्याचा अर्थ नाही, तुम्हालाच दारातून परत पाठवलंय.

उपाय सोपा आहे. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अनबाउंड' (हा झाला आपला स्वतःचा डीएनएस सर्व्हर), त्याला पुढं कुणाकडंही न पाठवता स्वतः उत्तर शोधू द्या, आणि '/ईटीसी/स्पॅमअसॅसिन/लोकल-डॉट-सीएफ' मध्ये 'डीएनएस-सर्व्हर १२७.०.०.१' लिहा (कमांडीत डीएनएस आणि सर्व्हरच्या मध्ये अंडरस्कोर). कारखान्यात या एका बदलानं जेवढं स्पॅम पकडलं गेलं तेवढं माझ्या हातच्या सगळ्या नियमांनी मिळून पकडलं नव्हतं.

शिकवणं, आणि जानेवारीतली पंचाईत

बेझ हा शिकणारा भाग. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. लोक पन्नासेक स्पॅम दाखवतात, चांगला एकही दाखवत नाहीत, आणि म्हणतात काही फरक नाही. 'एसए-लर्न डॅश डॅश स्पॅम' आणि 'एसए-लर्न डॅश डॅश हॅम', पुढं मेलच्या फोल्डरचा रस्ता. मोजणी बघायला 'एसए-लर्न डॅश डॅश डंप मॅजिक'. यातला खड्डा असा: मेल ज्या यूजरच्या नावानं तपासले जातात, त्याच यूजरच्या नावानं शिकवायचं. मी पहिल्यांदा रूट होऊन चारशे मेल शिकवले. रूट हुशार झाला आणि स्पॅमडी होता तिथंच.

चांगले मेल कुठले दाखवता याला महत्त्व आहे. जानेवारीत इकडं होम मैदानावर गड्डा भरलेला असतो आणि तिकडं फ्रँकफर्टला हाइमटेक्सटीलचं प्रदर्शन. तिथून परतलेले खरेदीदार पुढचे पंधरा दिवस चौकशीचे मेल पाठवतात. त्यांचा मजकूर वाचा: ओळख ना पाळख, 'प्रिय महोदय', 'तातडीनं', 'सर्वात कमी भाव', एवढे हजार टॉवेल, सोबत एक फाइल. स्पॅम आणि यांच्यात फरक करायला मालकांनाही दोनदा वाचावं लागतं. म्हणून मी अगोदरच्या वर्षांच्या जानेवारीतल्या खऱ्या चौकश्या शोधून मुद्दाम हॅम म्हणून शिकवल्या. ५ची मर्यादा तशीच ठेवली. ५च्या वरचे मेल जंक फोल्डरात जातात, उडवले जात नाहीत. १५च्या वरचे तेवढे मिल्टरच दारातून परत करतो. जंक फोल्डर रोज संध्याकाळी एकदा चाळायचं काम अकाउंटच्या पोराकडं आहे, आणि त्याला त्याचा कंटाळा येतो हेही मला माहीत आहे.

नेहमीच्या खरेदीदारांसाठी 'वेलकमलिस्ट-ऑथ' वापरा, मध्ये अंडरस्कोर. साध्या 'वेलकमलिस्ट-फ्रॉम' मध्ये कुणीही खरेदीदाराचं नाव लावून आलं तरी आत येतं. ऑथवाला आधी एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय का, याच्या खुणा) जुळतंय का बघतो. ४.०च्या आधी या दोन्ही नावांत 'व्हाइटलिस्ट' होतं. जुनं नाव अजून चालतं.

हातानं बसवायचंच असेल तर

वेळ येते. डेबियनच्या पॅकेजात नसलेली एखादी दुरुस्ती आजच हवी असते, किंवा नवीन आवृत्ती घरच्या मशीनवर घासूनपुसून बघायची असते. पण कारखान्याच्या चालत्या सर्व्हरवर आधी बॅकपोर्ट्समध्ये (चालू डेबियनसाठी नव्या आवृत्त्यांची पॅकेजं ठेवतात ती जागा) नवीन पॅकेज आलंय का ते बघा. बऱ्याचदा तिथं काम होतं आणि ॲप्टची सोबतही सुटत नाही.

नाहीच, तर पहिलं पथ्य: सीपॅनच्या शेलमध्ये जाऊन 'इन्स्टॉल मेल-स्पॅमअसॅसिन' म्हणू नका. ते एका मॉड्यूलमागं दुसरं असं वीस-तीस मॉड्यूल्स ओढून '/यूएसआर/लोकल' मध्ये पसरवतं. लग्नाला एकाला बोलवावं आणि अख्खी गल्ली यावी तसं. त्याऐवजी 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप स्पॅमअसॅसिन' द्या (सोर्सेस लिस्टमध्ये डेब-एसआरसीची ओळ चालू हवी). नेट-डीएनएस, एचटीएमएल-पार्सर, मेल-डीकेआयएम ही सगळी मॉड्यूल्स ॲप्टकडूनच येतात. हाताचं राहतं ते फक्त स्पॅमअसॅसिन.

मग अपाचेच्या साइटवरून गठ्ठा उतरवा. स्पॅमअसॅसिन जस्टिन मेसन यांनी २००१मध्ये सुरू केला आणि २००४पासून तो अपाचे फाउंडेशनचा प्रकल्प आहे. दुसऱ्या कुठल्या आडवळणाच्या साइटवरून घेऊ नका. सोबतची सही जीपीजीनं आणि चेकसम एसएचए-५१२नं पडताळा. गठ्ठा सोडवून आत जा. 'पर्ल मेकफाइल-डॉट-पीएल प्रिफिक्स बरोबर /ऑप्ट/स्पॅमअसॅसिन', म्हणजे सगळं एका डब्यात राहील आणि काढायचं झालं तर डबाच उचलता येईल. (यातल्या मेकफाइलचा एम आणि पीएल मोठ्या लिपीत, प्रिफिक्सही.) काय कमी आहे ते इथंच छापून येतं, वाचा. पुढं 'मेक', 'मेक टेस्ट', 'मेक इन्स्टॉल'. 'मेक टेस्ट' ला वेळ लागतो म्हणून गाळू नका. भाकरी-शेंगाचटणी खाऊन या, तोवर होतं.

आणि आता ज्याला सगळे फसतात ते. मूळ गठ्ठ्यात नियम नसतातच, ३.३.०पासून ते वेगळे दिले जातात. बसवून लगेच स्पॅमडी सुरू केलात तर 'नियमच सापडले नाहीत, एसए-अपडेट चालवायचंय का?' असं म्हणून तो सुरूच होत नाही. तेव्हा आधी '/ऑप्ट' मधला एसए-अपडेट, मग स्पॅमडी. टायमर तुम्हालाच बनवायचा, सर्व्हिस फाइल तुम्हीच लिहायची, सुरक्षेच्या सूचनांवर नजर तुम्हीच ठेवायची. ॲप्ट यातलं काहीही बघत नाही.

नजर कुणीच ठेवली नाही तर काय होतं, ते मी २०२२मध्ये शहरातल्याच एका ऑफिसात पाहिलं. 'स्पॅम फार येतोय' एवढीच तक्रार. आत बघितलं तर ३.४.१, हातानं बसवलेलं. बसवणारा पुण्याला निघून गेलेला. '/व्हार/लिब/स्पॅमअसॅसिन' मध्ये '३.००४००१' नावाचं फोल्डर, आणि आतल्या फायलींची तारीख फेब्रुवारी २०२०. नियमांवरच्या एसएचए-१ सह्या १ मार्च २०२०पासून बंद होणार, ३.४.२च्या आधीच्यांना त्यापुढं नियम मिळणार नाहीत, हे प्रकल्पानं आधीच जाहीर केलं होतं. जे पॅकेजवर होते त्यांना वितरकानं पुढं नेलं. हे मशीन दोन वर्षं शिळ्या नियमांवर चाललं होतं. क्रॉन मात्र रोज रात्री इमानानं धडपडत होता आणि त्याच्या चुकांचे मेल कुणी उघडत नसलेल्या रूटच्या पेटीत साचत होते.

मिसळ झालेली मशीन साफ करणं

त्या सोमवारी मी जे केलं ते असं. सगळ्यात आधी शिकवलेलं वाचवलं: 'एसए-लर्न डॅश डॅश बॅकअप' करून एका फाइलीत. अडचण अशी की हातचा एसए-लर्न पण पर्लपायी मेला होता, म्हणून आधी ॲप्टनं पॅकेज बसवलं आणि '/यूएसआर/बिन' असा पूर्ण रस्ता देऊन पॅकेजचा एसए-लर्न चालवला. मग माझी सर्व्हिस फाइल बंद करून काढली, कारण '/ईटीसी/सिस्टिमडी' मधली फाइल पॅकेजच्या फाइलीवर मात करते आणि नाव सारखं असेल तर माझीच मेलेली स्पॅमडी परत उठली असती. त्यानंतर '/यूएसआर/लोकल/बिन' मधले स्पॅमअसॅसिन, स्पॅमडी, स्पॅमसी आणि एसए-नं सुरू होणारे सगळे, '/यूएसआर/लोकल/शेअर/स्पॅमअसॅसिन', आणि पर्ल ५.३२.१चं ते फोल्डर एका बाजूच्या फोल्डरात हलवलं. पुसलं नाही. महिनाभर कुणी ओरडलं नाही, मग पुसलं.

पोरगा फोनवर होताच. त्याला म्हटलं, आता 'स्पॅमअसॅसिन डॅश डॅश लिंट' दे.

"सर, अशी फाइलच नाही म्हणतंय. लोकल-बिनमध्ये शोधतंय अजून."

बॅश (आपण टाइप केलेल्या कमांडी घेणारा प्रोग्रॅम) एकदा चाललेल्या कमांडीचा रस्ता लक्षात ठेवतं आणि फाइल हलली तरी त्याच दारात जाऊन उभं राहतं. 'हॅश डॅश-आर' दे, म्हटलं, मग परत लिंट, आणि मग 'विच डॅश-ए'.

थोडा वेळ नुसता मागांचा आवाज ऐकू येत होता.

"लिंटनं काहीच छापलं नाही, सर. आणि विचला एकच ओळ आली."

"कुठली?"

"लोकल नसलेली."